समुद्राची हजेरी घेणाऱ्या अक्का

अक्का रोज सकाळी समुद्राची हजेरी घ्यायच्या. आमचं ऑफिस जे. पी. नगरात, दुसऱ्या मजल्यावर, खाली इडली-वड्याचं हॉटेल. कुठलाही समुद्र तिथून लांबच, आणि आमच्या कामाचा समुद्र तर पार उत्तरेकडचा, थंड आणि राखाडी. आमच्यापैकी कुणी त्यात पायाचा अंगठासुद्धा बुडवलेला नव्हता. तरी अक्का आल्या आल्या पर्स खुर्चीला अडकवायच्या, मोठे हेडफोन कानाला लावायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. तिकडच्या एका खाडीत एक बोया तरंगत होता आणि त्याला पाण्यात ऐकणारा माइक बांधलेला होता. त्या खाडीत पॉरपॉइज राहायचे, म्हणजे डॉल्फिनचे छोटे, लाजाळू भाऊबंद. ते सतत टिकटिक असा आवाज करत फिरतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधतात, मासे शोधतात, पिल्लू कुठे आहे ते शोधतात. माणसाच्या कानाला ती टिकटिक ऐकू येत नाही, म्हणून अक्का ती कितीतरी पट मंद करून ऐकायच्या. तोवर ऑफिसात कुणी खुर्ची सरकवायची नाही. मग डोळे उघडून म्हणायच्या, "आलेत." आणि त्यानंतरच कॉफी.

"एखाद्या दिवशी नाही आले तर?" मी सुरुवातीला उगाच विचारलं होतं. अक्कांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी घरातल्या आजारी माणसाबद्दल काहीतरी अभद्र बोलले होते. "असलं तोंडातनं काढू नये," त्या म्हणाल्या. ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट केलेली बाई, आणि बोलणं असं. मला हसू आलं होतं. आता येत नाही.

अक्का मूळच्या बेळगावकडच्या. वडील नोकरीसाठी बंगळुरात आले आणि इथलेच झाले. घरी मराठी, दारात कन्नड, आणि अक्कांच्या तोंडात दोन्ही एकदमच. बेळगावच्या बायका बोलतात तशा त्या "मी येतो", "मी बघतो" म्हणायच्या. मी पुण्याहून नवी नवी आलेली, कोरमंगलाच्या एका पीजीत राहणारी, भाषेच्या बाबतीत नाक वर असलेली. पहिल्याच दिवशी माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं. "काय गं, हसायलीस काय?" अक्का म्हणाल्या. "तुमचं पुण्याचं मराठी इस्त्री केलेलं. आमचं आपलं धुऊन दोरीवर टाकलेलं. अंगाला दोन्ही होतात, सरी?" सरी म्हणजे कन्नडमध्ये, बरोबर ना. त्या दिवसापासून आमचं जमलं. ऑफिसातले तमिळ, मल्याळी, कन्नड, हिंदी सगळेच त्यांना अक्का म्हणायचे. त्यांचं खरं नाव फक्त अहवालाच्या शेवटच्या पानावर, सहीखाली दिसायचं. ती सही असल्याशिवाय आमचा कुठलाही अहवाल बाहेर जात नसे.

कानाच्या बाबतीत त्या हळव्या होत्या, आणि त्यांना त्याची लाज नव्हती. रस्त्यात बोअरवेलचं मशीन धडधडत असलं की अक्का सरळ दोन्ही कानांत बोटं घालून चालायच्या. जवळून कुणी बाळ कडेवर घेऊन जात असेल तर स्वतःचे कान सोडून त्या बाळाचे झाकायच्या. ते बाळ कुणाचं, काय, ओळख ना पाळख. आया दचकायच्या. एकदा एकीने चांगलंच सुनावलं. अक्का शांतपणे कन्नडमध्ये म्हणाल्या, "डोळे मिटता येतात, अम्मा. कानांना पापणी नसते." त्या बाईला पटलं की नाही कुणास ठाऊक, पण तिने पदर बाळाच्या डोक्यावर ओढून घेतला.

आमचं काम काय, ते सांगायला हवं, कारण माझ्या आईलाही ते अजून नीट कळलेलं नाही. भर समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या म्हणजे आधी तळात खांब ठोकावे लागतात. खांब म्हणजे पोलादी नळा, आत अख्खी खोली मावेल एवढा रुंद. त्याच्या डोक्यावर जहाजावरून प्रचंड घण पडत राहतो, तासन् तास. वीज स्वच्छ मिळते, पण तो ठोका पाण्यातून कुठच्या कुठे जातो. जो प्राणी कानानेच जग बघतो, तो जवळ असला तर बहिरा होतो, आणि बहिरा पॉरपॉइज म्हणजे उपाशी मरणारा पॉरपॉइज. म्हणून खांबाभोवती तळाशी भोकं पाडलेला पाइप गोल अंथरतात आणि त्यातून हवा सोडतात. बुडबुड्यांची भिंत वर चढते आणि आवाज बराचसा आत अडकतो. त्याला आम्ही नुसता 'पडदा' म्हणत असू. कुठल्या खांबाचा आवाज किती लांब जाईल, पडदा लागेल की नाही, हे आधी गणिताने सांगायचं, आणि मग ठोकाठोकी सुरू झाली की पाण्यात मोजलेल्या आवाजाशी ते ताडून बघायचं, हे आमचं काम.

या ताडून बघण्यात अक्कांचा एक कडक नियम होता. "आधी बोल, मग बघ." मीटिंगच्या खोलीला एक मोठी काच होती. मोजमापाची फाईल उघडण्याआधी अक्का त्या काचेवर निळ्या मार्करने आमच्या अंदाजाची रेघ काढायच्या: खांबापासून लांब जावं तसा आवाज कसा उतरेल, ती उतरती रेघ. ती काढली की तिला कुणी बोट लावायचं नाही. मग फाईल उघडायची आणि मोजलेले आकडे लाल ठिपक्यांनी त्याच काचेवर टाकायचे. ठिपके रेघेपासून दूर पडले तर जाता-येता सगळ्यांना दिसायचे, पाहुण्यांनासुद्धा. "उत्तर बघून गणित कुणीही सोडवतंय," अक्का म्हणायच्या. "चुकलो तर चुकलो. पण कुठं चुकलो ते काचेवर राहू दे." का चुकलो ते कळेपर्यंत ती काच पुसायची नाही.

हा नियम त्या सगळीकडे लावायच्या. रिक्षात बसण्याआधी पोचायला किती वेळ लागेल ते मोठ्याने बोलायला लावायच्या. खालच्या हॉटेलातल्या सांबारात आज मीठ कमी की जास्त, तेही तोंडात घालायच्या आधी. माझ्या आईने एक स्थळ आणलं, मुलगा इथलाच, कंपनीत. अक्का म्हणाल्या, "भेटायच्या आधी ठरव कसा असेल ते. भेटल्यावर तुला सगळंच बरं वाटंल, तू भिडस्त." मी मनात ठरवलं, कंटाळवाणा असेल. मुलाने कॉफी येण्याआधीपासून कॉफी संपेपर्यंत त्याच्या फ्लॅटचा कार्पेट एरिया सांगितला. दुसऱ्या दिवशी अक्कांना सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "बघ, ठिपके रेघेवर बसले!"

नव्या लोकांना त्या देवनहळ्ळीला न्यायच्या. विमानतळाच्या बाजूला शेतं जाऊन लेआउट होत होते आणि एका ठिकाणी उंच इमारतीसाठी खांब ठोकणं चालू होतं. माझ्या वेळी माझ्याबरोबर प्रणव होता. प्रणव नागपूरचा, माझ्याच वयाचा, आणि गणितात आमच्यापैकी सगळ्यांत तल्लख. त्याला ते माहीतही होतं. अक्कांनी आम्हाला आधी आकडा बोलायला लावला आणि मग आवाज मोजायचं यंत्र हातात दिलं. पहिला खांब गेला, तो आमच्या अंदाजाहून कितीतरी मऊ आवाजात. प्रणव खूश झाला. म्हणाला, "म्हणजे आपलं गणित जास्तच घाबरट आहे." अक्कांनी पलीकडे बोट दाखवलं. पलीकडचा दुसरा खांब सुरू झाला आणि पहिल्या काही ठोक्यांतच आम्ही दोघे कानांवर हात ठेवून मागे सरलो. अक्का ओरडून सांगत होत्या, "पहिला जुन्या तळ्यात होता! चिखल! हा खडकावर आहे!"

परत निघताना मात्र त्या एका कुत्र्यापाशी थांबल्या. वॉचमनच्या पत्र्याच्या खोलीशी, त्या घणापासून जवळच, ते बांधलेलं होतं. ठोक्यांवर ठोके पडत होते आणि ते पाय ताणून झोपलं होतं. वॉचमन कौतुकाने म्हणाला, "अभ्यास आगिदे, अक्का." म्हणजे, सवय झाली आहे त्याला. अक्का कुत्र्याच्या मागे गेल्या. घण मध्येच थांबला होता. त्यांनी त्याच्या डोक्यामागे जोरात टाळी वाजवली. कुत्र्याचा कानही हलला नाही. त्यांनी पुन्हा वाजवली, मग अगदी कानाशी. मग त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ते दचकून उठलं आणि शेपूट हलवू लागलं. "सवय नाही, अण्णा," अक्का म्हणाल्या, "त्याचं गेलंय." गाडीत अक्का इतकंच म्हणाल्या, "शांत झोपलेलं कुणी दिसलं की लोकांना वाटतंय सगळं ठीक आहे."

त्यानंतर हजेरीच्या त्या उत्तरेकडच्या खाडीत खांब ठोकायचं काम आमच्याकडे आलं. खाडीच्या आतल्या भागात तळ मऊ चिखलाचा. तोंडाशी, जिथून समुद्र सुरू होतो, तिथे तळ कडक. खांब आतून सुरू होऊन तोंडाकडे जाणार होते. आणि उन्हाळ्यात त्या तोंडाशीच पॉरपॉइजच्या माद्या पिल्लं घेऊन यायच्या. रोजच्या हजेरीत अक्कांना ती पिल्लं वेगळी ओळखू यायची म्हणे. "ही बघ, ही घाईघाईची. आईच्या मागं पळायलंय," असं म्हणून त्या हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावायच्या. मला दोन्ही टिकटिक सारख्याच वाटायच्या, पण मी मान हलवायची. अक्कांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. मात्र ती घाईघाईची टिकटिक ऐकताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मी पाहिलेलं आहे.

पहिले खांब पडदा लावून ठोकले गेले. मोजमाप आलं. अक्कांची निळी रेघ काचेवर होतीच, प्रणवने लाल ठिपके टाकले, आणि सगळेच्या सगळे रेघेच्या बरेच खाली पडले. समुद्र आम्ही म्हटलं होतं त्यापेक्षा खूपच शांत होता. खोलीत टाळ्या झाल्या. आमचे डायरेक्टर, ज्यांना सगळे सर म्हणत, स्वतः केक घेऊन आले. अक्का काचेसमोर उभ्या राहिल्या, केकची बशी हातात तशीच. "एवढा शांत का?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "कुणी सांगतंय का मला, एवढा शांत का?"

उत्तर खरं तर सगळ्यांना ठाऊक होतं. ते पहिले खांब चिखलातले होते. घणाला जोरच लावावा लागला नव्हता. आमची रेघ पूर्ण जोराची होती. म्हणजे मोजमाप खरं होतं, अंदाजही खोटा नव्हता, फक्त दोन्ही एकाच गोष्टीबद्दल बोलत नव्हते. पण पवनचक्क्या उभारणाऱ्या प्रकल्पवाल्यांना तेवढा वेळ नव्हता. वादळांचा हंगाम येण्याआधी त्यांना काम संपवायचं होतं आणि प्रत्येक खांबाला पडदा अंथरण्यात जहाजाचे दिवस जात होते. त्यांनी विचारलं: तुमचं गणित जास्त आवाज दाखवतं हे आता मोजून सिद्ध झालं आहे, तर ते मोजमापाशी जुळवून घ्या आणि सांगा, उरलेल्या खांबांना पडदा काढला तर चालेल ना?

प्रणवने जुळवून घेतलं. तळ किती आवाज शोषतो याचा गणितात एक आकडा असतो. त्याने तो थोडा वाढवला, आणखी थोडा वाढवला, आणि रेघ खाली येत येत सुंदरपैकी ठिपक्यांमधून गेली. त्यात लबाडीचा हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. सगळ्या जगात असंच करतात. "अक्का, पाहा ना, काय मस्त बसली!" तो म्हणाला. अक्कांनी पाहिलं. "बसली नाही. तू बसवलीस," त्या म्हणाल्या. "आणि बसवलीस ती चिखलात. आता हीच घेऊन खडकावर जाणार तू?"

प्रणवचा चेहरा उतरला, पण तोवर ती रेघ सरांच्या हातात गेली होती. सर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान मनसोक्त भांडता आलं असतं. ते मंड्याकडचे, हळू बोलणारे, अक्कांना मान देणारे. माझ्यासमोरच त्यांनी अक्कांना खोलीत बोलावून पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि म्हणाले, "मॅडम, मोजमाप आपल्या बाजूनं आहे."

"मोजमाप कुणाच्या बाजूचं नसतं, सर," अक्का म्हणाल्या. "जिथं घेतलं तिथलं असतं. तोंडाशी कडक तळ आहे. पडदा काढून तिथं पूर्ण जोराचा घण पडला तर खाडीतनं बाहेर पळायला जागा उरत नाही त्यांना. पिल्लं आहेत. मी ऐकतो रोज."

"पण मोजलेल्यावर विश्वास ठेवायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

मला वाटतं तो घाव त्यांना वर्मी लागला, कारण ते त्यांनीच शिकवलं होतं. मग त्या म्हणाल्या, "मी सही करत नाही." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवून नाही म्हटलं. सरांनी सुस्कारा सोडला, आणि अहवालावर स्वतः सही केली. तो त्यांचा अधिकार होता. अक्कांच्या सहीशिवाय बाहेर गेलेला तो पहिला अहवाल.

अक्कांनी प्रकल्पाच्या पर्यावरण अधिकाऱ्याला मेल केली, मग पुन्हा केली, मग फोन लावला. फार सभ्य उत्तर आलं: गणित मोजमापावरून तपासून घेतलेलं आहे, तेव्हा काळजी नसावी. त्या दिवशी अक्कांनी काच पुसून घेतली आणि एक नवी निळी रेघ काढली. पडदा नाही, कडक तळ, घणाला पूर्ण जोर. रेघ एवढी वर गेली की काचेच्या चौकटीला टेकायला आली. प्रणवने, अक्कांनीच सांगितलं म्हणून, आपली बसवलेली रेघ खाली हिरव्या मार्करने काढली. दोन रेघांमध्ये ऑफिसातलं कुणीही वाचू शकेल एवढं मोठं अंतर होतं. मीटिंगला येणारे लोक त्या काचेकडे पाठ करून बसू लागले.

मग आम्ही वाट बघत राहिलो. रोज सकाळी अक्का हेडफोन लावायच्या आणि "आलेत" म्हणायच्या, पण आता त्यात सुटल्यासारखा सूर असायचा. खालच्या हॉटेलातली गर्दी, रस्त्यावरचे हॉर्न, शाळेच्या बस, सगळं होतं तसं चालू होतं. खाडीतल्या जहाजाने आतले खांब संपवले. ते तोंडाकडे सरकत होतं आणि आम्ही नकाशावर त्याचा ठिपका पुढे जाताना बघत होतो. अक्कांना मी म्हटलं, सुट्टी घ्या थोडी, घरी बसा. "मी घरी बसलो म्हणून ते थांबतंय का?" त्या म्हणाल्या. एकदा मला म्हणाल्या, "तू देवाबिवाला मानतेस काय गं? मी मानत नाही. पण आज बनशंकरीला जाऊन आलो." देवीकडे काय मागितलं ते सांगितलं नाही, आणि मला वाटलं, मला ते कळलं.

तोंडाशी घण पडायला लागला त्या सकाळी अक्का नेहमीसारख्याच बसल्या. डोळे मिटलेले. आम्ही सगळे बघत होतो. बराच वेळ गेला. त्यांनी आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. "आहेत. थोडे आहेत," त्या म्हणाल्या. दुसऱ्या सकाळी म्हणाल्या, "लांबनं एक येतंय." ती घाईघाईची टिकटिक त्यांना कुठेच सापडेना. त्यानंतरच्या एका सकाळी त्या इतका वेळ हेडफोन लावून बसल्या, की शेवटी मी जाऊन ते त्यांच्या डोक्यावरून उतरवले. कान तांबडे झाले होते. मी एक बाजू माझ्या कानाला लावून पाहिली. लाटांची खरखर होती, लांबच्या जहाजाची घरघर होती. बाकी काही नव्हतं. ते पळाले, की बहिरे झाले, की आणखी काही झालं, हे बोया सांगू शकत नाही. तो फक्त कोण आलं नाही एवढंच सांगतो.

मोजमाप आलं तेव्हा ते काचेवर टाकायला कुणी पुढे होईना. शेवटी प्रणव उठला. लाल मार्करने त्याने एकेक ठिपका टाकला. त्याच्या हिरव्या रेघेजवळ एकही पडला नाही. सगळे वर, थेट अक्कांच्या निळ्या रेघेवर, मण्यांसारखे ओळीने. आमच्या ऑफिसात एवढा अचूक अंदाज कधी कुणाचा आला नव्हता, अक्कांचाही नाही. प्रणव मार्कर हातात धरून काचेकडे तोंड करून उभा राहिला, कारण त्याला वळून आमच्याकडे बघवेना. अक्का म्हणाल्या, "जुळली." आणि पर्स उचलून घरी गेल्या. भर दुपारी त्यांना घरी गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

हे आकडे प्रकल्पवाल्यांपर्यंत पोचून कुणी वाचेपर्यंत शेवटचा खांब ठोकून झाला होता. वादळांच्या आधी काम संपलं म्हणून सगळ्यांना अभिनंदनाची मेल आली. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मेल आली, ती जास्त वाईट होती. त्यांच्या तज्ज्ञांनी अक्कांची रेघ पाहिली होती आणि ते थक्क झाले होते. पुढच्या खाडीच्या कामासाठी हेच गणित घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. सरांनी ती मेल सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. ते मनापासून खूश होते, आणि मला वाटतं, त्यांना ती अक्कांची माफी मागायची एक वाटही वाटत होती. अक्कांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. "सर, पुढच्या खाडीत कोण राहतंय ते बघून घ्या आधी," एवढंच म्हणाल्या. सरांना प्रश्नच नीट कळला नाही. त्यांनी नकाशा उघडला.

आता त्या पुढच्या खाडीचं काम मी बघते. प्रत्येक बैठकीत मी आधी विचारते, इथे कोण राहतं. लोक मला पवनचक्क्यांची संख्या सांगतात, मी पुन्हा विचारते. हा हट्ट अक्कांचाच, मी फक्त तो वापरते. त्यांची मला रोज आठवण येते आणि आठवण आली की राग येतो. तो अक्कांवर नसतो, आणि नक्की कुणावर ते ठरवता येत नाही, म्हणून जास्तच येतो. प्रणव कुठलीही रेघ बसवायची झाली की आता आधी तळाचा नकाशा मागतो. तो बोलायला पूर्वीसारखा मोकळा राहिलेला नाही.

अक्कांचा निरोप समारंभ सरांनी दणक्यात केला होता. खालच्या हॉटेलातून मैसूरपाक, स्टेजवर खुर्ची, हार, शाल, आणि इथल्या पद्धतीप्रमाणे डोक्यावर मैसुरी पेटा, म्हणजे तिकडचा फेटा. पेटा थोडा मोठा होता, तो सारखा अक्कांच्या कानांवर घसरत होता. सरांनी भाषण केलं. आमच्या कंपनीच्या इतिहासात असा तंतोतंत अंदाज झाला नाही, असं म्हणाले. हॉल टाळ्यांनी भरून गेला. अक्कांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उठल्या, पेटा काढून हातात घेतला, आणि कन्नडमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"मी सही केली नाही, दोनदा मेल केली, फोन केला. एकाने जरी ऐकलं असतं तर पडदा राहिला असता आणि माझी रेघ साफ चुकली असती. मला चुकायचं होतं."

लोकांना तो विनय वाटला. पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा मोठ्या. मी वाजवल्या नाहीत. प्रणवनेही नाही.